पेक्टोरल की शार्प-टेल्ड: आधी वय, मग नाव

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, ओसरलेल्या पाण्याच्या कडेला, रफ आणि छोट्या टिलव्यांच्या (लिटल स्टिंट) थव्यात एक अनोळखी पक्षी दिसला. रफपेक्षा लहान, टिलव्यापेक्षा चांगलाच मोठा. पाय पिवळसर, डोकं तांबूस, आणि छातीचा रंग पोटाशी येऊन सुरीने कापल्यासारखा थांबलेला. पुस्तकात तो पेक्टोरल सँडपायपरशी जुळला. आवाज ऐकला नाही, फोटो तीन आहेत. पेक्टोरल म्हणून नोंद करू का?

नका करू. फोटो पाहून माझं मत असं झालंय की हा शार्प-टेल्ड सँडपायपर आहे, आणि तोही पहिल्या वर्षाचा, म्हणजे याच उन्हाळ्यात अंड्यातून बाहेर आलेला. तिथवर कसा पोचलो ते जरा लांबण लावून सांगतो, कारण तुम्ही ज्या खुणेवर विसंबलात तिने भल्याभल्यांना चकवलंय. त्यात मीही आलो.

वेडर, म्हणजे चिखलात आणि उथळ पाण्यात चरणारे पक्षी, ओळखताना वेगळा पक्षी दिसला की आपण थेट दुर्मीळ पक्ष्यांची पानं उघडतो. माझा अनुभव असा की थव्यातला 'वेगळा' पक्षी दहातल्या नऊ वेळा नेहमीचाच निघतो. तो कधी पिसं बदलत असतो, कधी कोवळ्या वयाचा असतो, कधी थंडीने अंग फुगवून बसलेला असतो, तर कधी नुसता मागून ऊन आलेलं असतं. म्हणून आधी नेहमीचे संशयित एकेक करून बाद करायचे. पिवळसर पाय आणि मध्यम आकार म्हटलं की पहिला संशयित रफच.

रफचा नर २६ ते ३२ सेंटीमीटर, मादी २० ते २५. एकाच थव्यात दोन वेगळ्या जाती वाटाव्यात इतका हा फरक असतो. त्यात आणखी एक गंमत. काही नर आयुष्यभर मादीसारखीच पिसं घेऊन वावरतात आणि आकाराने नर-मादीच्या मधे असतात, हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळलं. म्हणजे रफच्या थव्यात तीन मापांचे पक्षी दिसू शकतात आणि तिन्ही रफच! फार वर्षांपूर्वी मी अशीच एक बुटकी मादी दिवसभर पेक्टोरल म्हणून लोकांना दाखवत होतो. संध्याकाळी ती उडाली आणि शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पांढरे लंबगोल ठिपके दिसले, पाय शेपटीच्या मागे बाहेर आलेले. शेजारी उभे असलेले सगळेच गप्प होते. त्यांनी ते आधीच पाहिलं असावं, असं मला आजही वाटतं.

उडाला नाही तरी रफ ओळखता येतो. डोकं लहान, मान लांब, पोट जरा सुटलेलं. चेहरा कोरा असतो, ठळक भुवई नसते. कोवळ्या रफची छाती एकरंगी पिवळट-बदामी असते, तिच्यावर रेघा नसतात. पाठीची पिसं सैल असतात, वारा आला की उभी राहतात. तुमच्या पक्ष्याला ठसठशीत भुवई आहे, छातीवर बारीक रेघा आहेत, मान आखूड आहे. रफ गेला. ठिपकेवाली तुतारी, म्हणजे वूड सँडपायपर, तिचे पायही पिवळसर असतात, पण पाठभर पांढरे ठिपके असतात आणि अंगाने ती सडपातळ असते. तीही गेली. बेअर्ड्स आणि व्हाइट-रम्प्ड या दोन सँडपायपरांचे पाय काळे आणि पंखांची टोकं शेपटीच्याही पुढे जाणारी, त्यामुळे त्यांच्यावर वेळ घालवत नाही.

पायाच्या रंगाबद्दल मात्र एक सांगून ठेवतो. चिखलात चालणाऱ्या पक्ष्याच्या पायाचा रंग हा बऱ्याचदा चिखलाचाच रंग असतो. ओल्या चिखलाने पिवळे पाय काळे दिसतात आणि वाळलेल्या चिखलाने काळे पाय मळकट पिवळे. पक्षी पाण्यात उतरून दोन पावलं चालून बाहेर येईपर्यंत पायाचा रंग वहीत लिहू नये. एकदा बोटांमध्ये पडदा दिसला म्हणून एका टिलव्याला आम्ही चक्क अमेरिकेचा पाहुणा ठरवला होता. तो पडदा नव्हता, गोळा झालेला चिखल होता, आणि पुढच्या डबक्यात धुऊन गेला. तुमच्या दुसऱ्या फोटोत पक्षी घोट्यापर्यंत स्वच्छ पाण्यात आहे आणि पाय हिरवट-पिवळे आहेत. हा रंग मी धरतो.

आता वयाकडे येतो. नवखे लोक हा टप्पा गाळतात आणि सगळा घोळ तिथेच होतो. पुस्तकातलं चित्र ज्या वयाचं आहे त्याच वयाचा पक्षी आपल्यासमोर आहे का, हे ठरल्याशिवाय खुणा जुळवण्यात अर्थ नाही. शरद ऋतूतल्या स्थलांतरात आधी प्रौढ पक्षी येतात. त्यांची पिसं विणीच्या हंगामात झिजलेली असतात, कडा उडालेल्या, रंग विटलेले, आणि मधूनमधून हिवाळ्याची नवी राखाडी पिसं उगवलेली. जुनं-नवं एकत्र, ठिगळं लावल्यासारखं. कोवळे पक्षी त्यांच्या मागून काही आठवड्यांनी येतात. त्यांची अंगभर पिसं एकाच वेळी उगवलेली, म्हणून एकसारखी ताजी. प्रत्येक पिसाला नीट, अखंड, फिकट किनार. पाठीवर बहुतेकदा पांढऱ्या रेषांचा इंग्रजी व्ही. लांब पल्ल्याचे प्रवासी सहसा मुक्कामी पोचेपर्यंत ही पिसं बदलत नाहीत, त्यामुळे ऑक्टोबरात हा भेद अजून स्पष्ट असतो.

तुमच्या दुसऱ्या फोटोतली खांद्याची पिसं पाहा. काळपट मध्य, तांबूस आणि पांढरट किनारी, ओळीने मांडल्यासारखी, एकही पीस झिजलेलं नाही. पंखावरची छोटी पिसंही तशीच. म्हणजे पक्षी कोवळा. आता प्रौढ पेक्टोरल आणि प्रौढ शार्प-टेल्ड यांच्यातले फरक विसरा. उदाहरणार्थ, प्रौढ शार्प-टेल्डच्या कुशीवर विणीच्या पिसांत बाणाच्या टोकासारख्या गडद खुणा असतात आणि पुस्तकं त्यावर भर देतात. तुम्हीही लिहिलंय की 'कुशीवर बाण नाहीत, म्हणून शार्प-टेल्ड नाही'. पण कोवळ्या पक्ष्याच्या कुशीवर त्या नसतातच. जी खूण त्या वयात असायचीच नाही, ती दिसली नाही म्हणून काहीच सिद्ध होत नाही.

आणि आता ती छातीची कापलेली रेघ. पेक्टोरलची ही जगप्रसिद्ध खूण. मानेपासून छातीपर्यंत दाट, गडद रेघा, आणि पोट सुरू होताच त्या एका ओळीत थांबतात, कधी मधोमध थोडं टोक खाली येतं. एप्रन बांधल्यासारखं दिसतं. खूण खरी आहे, चांगली आहे. पण कोवळ्या शार्प-टेल्डच्या छातीवर उबदार, नारिंगीकडे झुकणारा बदामी रंग असतो आणि खाली पोट पांढरंशुभ्र. लांबून, विशेषतः पक्षी तोंड खाली घालून समोरून येत असताना, हा रंगसुद्धा पोटाशी एकदम थांबल्यासारखाच दिसतो. तुमचा पहिला फोटो नेमका तसा आहे. तोच फोटो पाहून तुम्ही पुस्तक उघडलंत.

म्हणून छातीवर प्रश्न विचारायचा तो असा: काय थांबलंय, रंग की रेघा? दुसऱ्या फोटोत उत्तर आहे. गळ्याखाली बारीक रेघांची एक अरुंद माळ आहे, छातीच्या बाजूंना थोड्या रेघा आहेत, आणि छातीचा मधला भाग जवळजवळ कोरा, नुसता बदामी. थांबलाय तो रंग. कोवळ्या पेक्टोरलच्या छातीवरही थोडी पिवळट झाक असते, पण रेघा या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग, मधोमधही. ती माळ नसते, पूर्ण जाळी असते.

डोकंही हेच सांगतं. दोघांच्याही कोवळ्या पक्ष्यांचा माथा तांबूस असतो, त्यामुळे 'डोकं तांबूस' एवढ्याने काम भागत नाही. शार्प-टेल्डची टोपी जास्त झळाळणारी आणि तिची कड स्वच्छ, डोक्यावर वेगळी ठेवल्यासारखी. याचं मोठं कारण खालची भुवई. ती पांढरी, रुंद, आणि डोळ्याच्या मागे आणखी पसरट होत जाते. डोळ्याभोवती पांढरं कडं उठून दिसतं. पेक्टोरलची भुवई मिळमिळीत, माथा छातीच्या तपकिरीशी मिळताजुळता, एकंदर चेहरा मवाळ. चोच पेक्टोरलची किंचित लांब, टोकाशी किंचित खाली झुकलेली आणि बुडाशी पिवळट-तपकिरी. शार्प-टेल्डची थोडी आखूड, सरळसर, आणि बुडाचा फिकटपणा कमी. चोचीवर एकटीवर मी निकाल देणार नाही. पेक्टोरलमध्ये नर मादीपेक्षा बराच मोठा असतो, त्यामुळे चोचीची लांबी आणि अंगाचं माप दोन्ही हलतं राहतं.

तिसरा फोटो तुम्ही 'खराब' म्हणून शेवटी ठेवलात. मला तो आवडला. पक्षी पिसं साफ करतोय, शेपूट आपल्याकडे, आणि शेपटीखालच्या पांढऱ्या पिसांवर बाजूला बारीक गडद रेघा दिसतात. शार्प-टेल्डला त्या असतात, पेक्टोरलचा तो भाग बराच स्वच्छ असतो. एकट्या या खुणेवर मी नाव लिहिलं नसतं, पण बाकीच्यांना ती साथ देते. पक्ष्याचं रूप छान दिसणारे फोटो सगळे काढतात. ओळख पटवायला मात्र पाठमोरा, पंख ताणलेला, वाकडातिकडा फोटोच उपयोगी पडतो. असे फोटो पुसू नका.

नावावर जाऊ नका, एवढं जाता जाता. 'शार्प-टेल्ड' म्हणजे शेपटीची पिसं अणकुचीदार. ती असतात खरी, पण पन्नास मीटरवरून मला आजवर कधी नीट मोजता आलेली नाहीत. 'पेक्टोरल' हे नाव नराच्या छातीतल्या पिशवीवरून आलंय. विणीच्या जागी तो ती फुगवून घुमतो. स्थलांतरात त्याचा आपल्याला काडीचा उपयोग नाही.

एक शंका मात्र तुम्ही काढली नाहीत आणि कोणीतरी काढेलच: हा लाँग-टोड स्टिंट कशावरून नाही? पिवळे पाय, तांबूस टोपी, पांढरी भुवई, पाठीवर व्ही. तो म्हणजे शार्प-टेल्डची छोटी प्रतच. एकटा दिसला आणि शेजारी माप घ्यायला कोणी नसेल तर अनुभवी माणूसही क्षणभर अडखळतो. लाँग-टोड १३ ते १६ सेंटीमीटर, शार्प-टेल्ड १७ ते २२. तुमच्या दुसऱ्या फोटोत शेजारी छोटा टिलवा आहे आणि तुमचा पक्षी त्याच्या दीडपट तरी दिसतो. इथेही सावध राहा, कारण मोठ्या लेन्सच्या फोटोत मागचा पक्षी पुढच्यापेक्षा मोठा भासतो, दोघं सारख्याच मापाचे असले तरी. डोळ्यांना वाटतं लांबचा असून एवढा दिसतोय म्हणजे केवढा असेल! पण तुमच्या फोटोत टिलवा मागे आहे आणि तरीही लहान दिसतोय. हिशोब आपल्या बाजूने आहे. लाँग-टोडची मान बारीक, उभं राहणं ताठ, आणि माथ्याचा गडद रंग थेट चोचीच्या मुळाशी भिडलेला असतो. तुमचा पक्षी भरदार आहे, पोट जड आहे.

संकराची शक्यताही मनाच्या कोपऱ्यात ठेवावी, पण कोपऱ्यातच. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातून 'कॉक्सेस सँडपायपर' ही नवी जात म्हणून जगापुढे आली. पुढे डीएनए तपासल्यावर कळलं की बाप पेक्टोरल आणि आई कर्ल्यू सँडपायपर. म्हणजे शास्त्रीय नाव मिळालेला पक्षीसुद्धा संकर निघू शकतो. तुमच्या पक्ष्यात मला तसं काही विसंगत दिसत नाही. सगळ्या खुणा एकाच दिशेने बोट दाखवतात.

'पण इथे तो येईलच कसा' हा प्रश्न लोक विचारतील. दोन्ही जाती मुळात भटक्या. शार्प-टेल्ड ईशान्य सैबेरियात वीण घालतो आणि बहुसंख्य पक्षी हिवाळ्यात ऑस्ट्रेलिया गाठतात. यातले प्रौढ आशियाच्या पूर्व कडेने खाली उतरतात, तर कोवळ्यांपैकी बरेच जण आधी उलटे पूर्वेला, अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावर जातात, तिथे चरबी साठवतात आणि मग महासागर ओलांडतात. सोबत आईबाप नसतात, ते केव्हाच पुढे गेलेले असतात. दिशा उपजत असते आणि ती काही जणांची चुकते. म्हणून वाट चुकून भलतीकडे आलेल्या पक्ष्यांत कोवळ्यांचा भरणा मोठा. पेक्टोरल उत्तर अमेरिकेच्या आणि सैबेरियाच्या टुंड्रात वीण घालतो, हिवाळ्यात बहुतेक दक्षिण अमेरिकेत. त्याच्या नरांचं तर काय सांगावं! २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अलास्कात उपग्रह टॅग लावलेले काही नर एकाच हंगामात माद्यांच्या शोधात २४ पर्यंत वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन आले. या कुळाच्या पंखातली ताकद कळायला आणखी एक उदाहरण पुरे आहे. २०२२ मध्ये जेमतेम पाच महिन्यांचा एक बार-टेल्ड गॉडविट अलास्काहून टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटर न थांबता ११ दिवसांत उडाला. तेव्हा नकाशात रंग नाही म्हणून पक्षी नाकारू नये. उलट, नकाशात रंग आहे म्हणून स्वीकारूही नये. नकाशा पाहून फक्त पुरावा किती भक्कम हवा ते ठरवायचं.

आता पुढचं काम. पक्षी अजून तिथेच असेल तर परत जा, आणि या वेळी कॅमेऱ्याआधी वही काढा. पुस्तक बंद ठेवून लिहा. पुस्तक उघडलं की आठवण चित्राप्रमाणे बदलते, हे मी स्वतःच्या वह्यांमध्ये रंगेहाथ पकडलंय. डोकं, चोच, छाती, खांदे, पाय, आणि पक्षी चरतो कुठे, तेही. हे दोघंही उघड्या चिखलापेक्षा गवताच्या कडेची ओल पसंत करतात, दबकत चरतात, आणि दचकले की मान लांब करून ताठ उभे राहतात. अशा वेळी आकार इतका बदलतो की दुसराच पक्षी आला असं वाटतं. प्रकाशाची दिशा आणि वेळ लिहा. ढगाळ उजेड सर्वात प्रामाणिक, दुपारच्या उन्हात पिवळट छाती पांढरी धुऊन निघते. पायात अभ्यासकांनी लावलेली रंगीत झेंडी दिसली तर रंग, कोणत्या पायात, गुडघ्याच्या वर की खाली, अक्षरं असतील तर ती, सगळं टिपा. नारिंगी झेंडी ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात, तर पिवळी वायव्य ऑस्ट्रेलियात लावतात. रंगावरून पक्ष्याच्या प्रवासाचं एक टोक हाती लागतं.

उडवून पाहायचा मोह मात्र आवरा. उडताना या दोघांत फारसा फरक दिसत नाही. दोघांच्या पंखावरची पट्टी फिकी, दोघांच्या शेपटीच्या मुळाशी मधे गडद आणि बाजूला पांढरं. म्हणजे पक्ष्याची चरण्याची वेळ वाया गेली आणि आपल्या हाती काहीच आलं नाही. भरतीच्या वेळी थवा उंचवट्यावर विसावलेला असेल तर तेव्हा तर अजिबात जवळ जाऊ नका. तुम्ही एका जागी बसा. पाणी हललं, ससाणा वरून गेला, की थवा आपणहून उठतो.

त्या क्षणासाठी मोबाइलचं रेकॉर्डिंग आधीपासून चालू ठेवा. पेक्टोरलचा आवाज खालच्या पट्टीतला, खरखरीत 'ट्रर्रक'. शार्प-टेल्डचा मऊ 'वीप', आणि पाठोपाठ पाकोळ्यांसारखी बारीक चिवचिव. तो 'वीप' मिळाला तर नोंदीत 'बहुधा' लिहायची गरज उरणार नाही. नाही मिळाला तरी 'शार्प-टेल्ड, पहिल्या वर्षाचा' असंच लिहा, दुसरा आणि तिसरा फोटो जोडा. पहिलाही जोडा, आणि त्याखाली लिहा की छातीची कड यात फसवी दिसते.